पाठ भिंतीला, मियाँ!

नको, नको, खुर्ची नको! ठेवा ती तिकडेच. काय म्हणालात? "घौसभाई, जरा बसा, पाठ टेका"? पाठ टेका!… अहो, अख्ख्या हैदराबादेत एकाही माणसाला माझी पाठ मोकळी बघवत नाही का? बिर्याणीला आत्ताच दम दिलाय, डेगेचं तोंड कणकेने बंद केलंय, अर्धा तास तरी झाकण उघडायचं नाही, तेव्हा तुम्ही बसा, खुशाल टेका, मी आपला असा फिरतो. कारण मी एका जागी उभा राहिलो ना, की माझी पाठ आपोआप मागे सरकत सरकत भिंत शोधायला लागते! परवा बँकेत रांगेत होतो. कधी मागे सरकलो, कधी भिंतीला चिकटलो, मलाच पत्ता नाही, टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, हातात पासबुक आणि ते पासबुक वर-खाली, वर-खाली… रखवालदार आला, म्हणाला, "चाचा, तब्येत बरी आहे ना?" तोवर नंबर गेला तो गेलाच.

आता मला एक सांगा. माणूस वजन उचलतो ते काय नुसत्या हाताने उचलतो? तांदळाची गोणी उचलायची तर आधी गुडघा जातो, मग कंबर जाते, मग तोंडातून बिस्मिल्ला जातं, आणि सगळ्यात शेवटी हात जातो! आम्ही आचारी माणसं, आयुष्यभर डेगेत कफगीर घालून ढवळतोय, ते काय दंडाच्या जोरावर? कंबर फिरते म्हणून बिर्याणी फिरते! अल्लाने माणसाला कंबर दिलीय ती कशासाठी, नुसती पायजम्याची नाडी बांधायला? पण नाही! त्या अव्वाद चाऊसच्या तालमीत कंबर हलवणं म्हणजे चोरी. चोरी हो! जसा मी कुणाचा खिसाच कापला. "पाठ भिंतीला, मियाँ!"

थांबा, असं मधूनच सांगून कळायचं नाही. मुळापासून सांगतो. ए, त्या निखाऱ्यांवर लक्ष ठेव रे!… हां. तर आमची नुजहत, माझी एकुलती एक लेक, इथल्याच बारकस मोहल्ल्यातल्या एका शाळेत मुलांना शिकवते. त्याच शाळेत उबैद नावाचा मुलगा गणिताचा मास्तर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आम्हाला रीतसर सांगितलं, मीही मुलगा बघून आलो. मुलगा काय सांगू तुम्हाला! इतका सज्जन, इतका मऊ बोलणारा, की त्याच्यासमोर मीच दोन मिनिटं गप्प बसलो. तब्येत मात्र कपडे वाळत घालायच्या काठीएवढी. मी म्हटलं, बरं आहे, लेकीला कापडही कमी लागेल शिवायला. पण बाप? बाप म्हणजे अव्वाद उस्ताद! बारकसची जुनी तालीम यांची, आजोबांच्या वेळी तिथे माती होती आणि कुस्ती होती, आता लोखंड आहे आणि आरसे आहेत. मेंदी लावलेली दाढी, कमरेला लुंगी, आणि आमच्या दारातून आत आले ते कुणीतरी कपाट आत सरकवावं तसे.

आले सोयरिकीचं बोलायला. मी सकाळपासून चुलीशी. मटण केलं, खिमा भरलेली लुक्मी केली, ब्रेडचा डबल का मीठा केला. उस्ताद खातायत आणि बोलत नाहीत! आता माझा स्वभाव असा आहे, समोरचा गप्प बसला की माझ्या जिभेला खाज सुटते. आधीच मी चळवळ्या, न्हाव्याकडे माझं डोकं धरायला वेगळा माणूस लागतो. तर त्या शांततेत मी म्हणून गेलो, "उस्ताद, पैलवानकी काही तुमच्याच घरात नाही. बिर्याणीची भरलेली डेग मी चुलीवरून एकटा उतरवतो!" पडद्याआड आमची बेगम खोकली. तो खोकला मी ओळखतो, त्याचा अर्थ "पुरे". पण जीभ सुटली होती ना! म्हटलं, "एकटा म्हणजे, एका हाताने!" पडद्यामागे तर डांग्या खोकला सुरू झाला.

उस्तादांच्या हातातली लुक्मी तोंडापाशी थांबली. म्हणाले, "एका हाताने?"

"हौ!"

"या वयात?"

"वय काय उस्ताद, वय म्हणजे—"

"घौस मियाँ," ते म्हणाले, आणि आवाज कसा, विहिरीतून बादली वर यावी तसा सावकाश, "आमच्याकडे बोलण्याची पारख बोलण्यात करत नाहीत. तालमीत या. भिंतीला पाठ लावून उभे राहा. पंचवीस किलोची दांडी, मांडीपासून हनुवटीपर्यंत, एकदा. फक्त एकदा. टाच, कंबर, खांदे, काही सुटता कामा नये. माणूस चार माणसांत खोटं बोलू शकतो, पाठ भिंतीला लावल्यावर नाही. मी पोरगी बघायला आलोच नव्हतो, पोरगी सोन्यासारखी आहे. मी व्याही बघायला आलोय. रमजानचा चाँद दिसायच्या आत कधीही या."

मी म्हटलं, "आणि समजा… त्या दिवशी जरा हवा बरी नसली, नाही उचलली तर?"

उस्तादांनी हातातली लुक्मी परत ताटात ठेवली. माझ्या हातची लुक्मी हो! निजामाच्या वारसांनी मागून खाल्लेली लुक्मी… बरं, वारसांनी नाही, त्यांच्या ड्रायव्हरने. पण परत ठेवली!

ते गेले. नुजहत आली बाहेर. रडणार, ओरडणार, असं वाटलं मला, त्याची तयारीही केली होती मी. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही डेग कधी उचललीत?" मी म्हटलं, "उचलवून घेतो की नाही!" ती म्हणाली, "आधीची सोयरीक तुम्ही 'आमची पेरूची बाग आहे' म्हणालात म्हणून मोडली. ते लोक बाग बघायला आले आणि तुम्ही त्यांना गच्चीवरच्या कुंड्या दाखवल्यात." अहो, कुंडीत पेरू होता! पण मी बोललो नाही. कारण ती पुढे म्हणाली, "अब्बा, या वेळी जे बोललात ते खरं करून दाखवा. एवढंच." आणि आत निघून गेली. तुम्हाला सांगतो, लेक माझी, आणि तिचं नशीब माझ्या या दोन काड्यांसारख्या दंडांवर लटकलेलं. हसू नका, बघा, चाचपून बघा. हे आत्ताचे बघू नका, हे नंतरचे आहेत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर झालो. उस्तादांनी काळी बनियन हातात दिली. "घाला." मी म्हटलं, काळी का बुवा, मातम आहे का? मग बघतो तर सगळ्या तालमीत सगळे काळ्या बनियनमध्ये, आणि एका बाजूची भिंत पांढरी सफेद, चुन्याची, हात लावला की हाताला लागेल अशी. आलं लक्षात? भिंतीला पाठ लावून दांडी उचलायची, मग वळून पाठ दाखवायची. खांद्यापासून ढुंगणापर्यंत सगळं पांढरं झालं असेल तर माणूस खरा. जिथे काळं राहिलं, तिथे तुम्ही भिंत सोडलीत, म्हणजे कंबर मारलीत, म्हणजे चोर! तालमीचे पोलीस, कोर्ट, सगळं ती भिंत. आणि तिच्या समोर लोखंडी खुर्चीत जाबिर मामू, जुने पैलवान, आता नुसते चहावर जगतात, बशीत चहा ओतून दिवसभर लोकांच्या पाठी बघतात.

पहिल्यांदा मला एका तिरप्या बाकावर बसवलं. काय तो बाक! बगलेखाली फळी, कोपर उशीवर, पुढे हात लोंबकळतायत, समोर आरसा आणि आरशात मी. उस्ताद म्हणतात, "इथे नुसता दंड काम करणार. दंडाला एकटं गाठायचं. बाकी सगळ्या अंगाला सुट्टी." सुट्टी! माझ्या अंगाने जन्मात सुट्टी घेतलेली नाही! रिकामी दांडी हातात दिली, नुसती वाकडी दांडी, तिला एक चकती नाही. मी उचलायला गेलो तर काय व्हावं? दंड सोडून सगळं उठलं! खांदे उठले, भुवया उठल्या, मी स्वतः बाकावरून उठलो, दांडी तिथेच! मागून जाबिर मामू, "घौस मियाँ, दांडी उचलताय की डेग ढवळताय?" झालं, सगळी तालीम खो खो.

मग भिंत. टाचा भिंतीला, कंबर भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला, कोपरं बरगडीला. असं उभं केल्यावर माणूस काय राहतो का हो? खिळ्याला टांगलेला कोट होतो! आणि कधी नव्हे ते त्याच वेळी नाकाला खाज येते, त्याच वेळी माशी येते, त्याच वेळी आठवतं की घरी केशर भिजत घातलंय. दांडी अर्ध्यावर आली की माझी कंबर आपली हळूच, कुणाला न विचारता, पुढे निघाली. "पाठ भिंतीला!" मागे नेली. खांदे निघाले. "पाठ भिंतीला!" खांदे नेले, तर पोट निघालं. पोटाला काय बोलणार? पोट तर माझं कायमच पुढे असतं! "पाठ भिंतीला, मियाँ!" आणि उतरवताना तर आणखी सावकाश. वर नेताना जीव जातो आणि खाली आणताना तो परत येऊन पुन्हा जातो.

हे तालमीतच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण बारकसची रीत तुम्हाला माहीत नाही. तालमीतून निघालेला माणूस इराण्याच्या हॉटेलात चहाला जातो आणि तिथे बसलेला प्रत्येक जण, अगदी भाजीवालासुद्धा, त्याला खांद्याला धरून फिरवतो आणि पाठ बघतो! "सलाम आलेकुम, फिरा जरा." माझी पाठ कशी? खांद्यावर दोन पांढरे ठिपके, आणि खाली सगळा अमावस्येचा अंधार. घरी बेगम म्हणाली, "वरचा मजला रंगवून झालाय, खालचा कधी घेताय?" अहो, ही बायको की…! पण तुम्हाला सांगतो, मीही हटलो नाही. घरातली एक भिंत सोडली नाही. कपाटाला पाठ लावून पाण्याची कळशी उचलली, दाराला पाठ लावून मिरच्यांचं पोतं उचललं. एका लग्नात तर हॉलच्या भिंतीला टेकून कफगीर वर-खाली करत होतो, डोळे मिटलेले, चेहरा लाल, तर वरमाय किंचाळली, "आचाऱ्याला झटका आला!" मला आडवं करून कांदा हुंगवला. कापलेला, तळायला ठेवलेला, माझाच कांदा.

आणि तरी! तरी पंचवीस किलो म्हटलं की दांडी नाभीपर्यंत यायची आणि थांबायची. पुढे म्हणून येणार नाही. इकडे चाँद जवळ येत चाललेला. नुजहत काही विचारायची नाही, मी घरी आलो की नुसती एकदा माझ्या पाठीकडे बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. हॉटेलातलं फिरवणं परवडलं!

आणि मग मी ती गोष्ट केली. मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? रमजानच्या आधी घराला चुना लावायची आमची पद्धत. बेगमने आदल्या संध्याकाळी घमेल्यात चुना कालवून ठेवलेला, पहाटे मजुराने पुढची भिंत मारून ठेवलेली. फजरची नमाज झाली, अजून नीट उजाडलंही नाही, मी काळी बनियन घालून तालमीला निघालोय, आणि समोर ओली भिंत. ओली! ताजी! अख्खी भिंत माझीच! जीभ जशी त्या दिवशी सुटली तशी आज पाठ सुटली. जाऊन चिकटलो. टाचा, कंबर, खांदे, आणि वर थोडा घासलोही, कमी नको पडायला. तोंडाने स्वतःच म्हणालो, "पाठ भिंतीला!" आणि वाट वाकडी करून, तालमीत न जाता, थेट हॉटेल. फिरवा म्हटलं, फिरवा मला!

अंधुकच होतं. पहिल्या माणसाने फिरवलं, "माशाल्ला! घौस मियाँ, खालपर्यंत?" दुसऱ्याने फिरवलं, "माशाल्ला!" कुणी चहा पाजला, कुणी उस्मानिया बिस्किटं मागवली. मी बसलो नाही, उभ्यानेच चहा घेतला, पाठ रस्त्याकडे करून, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावी म्हणून. आणि उजाडायला लागलं. आणि चुना वाळायला लागला.

वाळत्या चुन्याला काय होतं, ठाऊक आहे? एक तर तो चावायला लागतो. असा चावतो, असा चावतो, की मी कपातला चहा बशीत आणि बशीतला अंगावर! खाजवता येत नाही, खाजवलं तर पुसेल, म्हणून खांदे उडवतोय, कंबर वळवतोय, जागच्या जागी मर्फ्याच्या ढोलांवर नाचावं तसा. आणि दुसरं म्हणजे… ओला असताना चुन्याचा रंग कळत नाही. वाळला की कळतो. तेवढ्यात इराण्याचा पोऱ्या ओरडला, "चाचा, तुमची पाठ हिरवी होतेय!"

बेगमने चुन्यात पिस्ता रंग घातला होता.

मला सांगितलं नाही हो! दर वर्षी पांढरा असतो. म्हणे, "नुजहतकडे पाहुणे येतील, जरा बरं दिसावं म्हणून." सगळं हॉटेल लोटलं बघायला. खांद्यापासून खालपर्यंत मी पिस्ता! हसून हसून लोक टेबलावर पडले, आणि एकदम, एकदम सगळं शांत झालं. मी वळून बघतो तर दारात अव्वाद उस्ताद. त्यांनी मला खांद्याला धरून फिरवलं. बघितलं. पुन्हा सरळ केलं. म्हणाले, "मियाँ, माझ्या तालमीची भिंत पांढरी आहे." मी म्हटलं, "हौ." म्हणाले, "उद्या या. जे काय आहे ते उद्या." आणि चहा न घेता गेले.

घरी आलो तर भिंतीवर मी! पिस्ता रंगात मधोमध उघडा पडलेला चट्टा, दोन खांदे, खाली कंबर, त्याखाली… असो, लोक बाहेरून बघत होते. बेगमने पाठीला खोबरेल लावलं. खोकलीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, खोक गं बाई एकदा! नुजहत शाळेची ओढणी इस्त्री करत होती. झाली तरी तीच इस्त्री करत होती, एकच ओढणी, पुन्हा पुन्हा. तेव्हा मला काय वाटलं ते मी तुम्हाला नाही सांगत. रडलो एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी तालीम गच्च. सगळं हॉटेल उठून आलेलं. कोपऱ्यात उबैद, खडूसारखा पांढरा. जाबिर मामू बशी घेऊन. मी भिंतीला पाठ लावली. पाठ कशी? सोललेली! चुन्याने भाजलेली पाठ चुन्याच्या भिंतीला! आग आग आग! इतके दिवस "पाठ भिंतीला" जमत नव्हतं ते पाठ धड होती म्हणून, आता तर जागच्या जागी उड्या माराव्या अशी परिस्थिती. पण म्हटलं, घौस, आज ही पाठ सुटायची नाही. कंबर गेली तर लेक गेली. दांडी घेतली. पंचवीस किलो. मांडी… पोट… नाभी… आणि नाभीच्या वर, अल्लाची शपथ, बरगडीपर्यंत आली! आणि थांबली. दात थरथरतायत, दाढी थरथरतेय. कंबर आतून विचारतेय, "येऊ का? एक झटका. कुणाला कळणारही नाही." मी तिला म्हटलं, बस गप. आणि दांडी खाली आणली. सावकाश. नेमाप्रमाणे.

म्हटलं, "नाही होत, उस्ताद. याच्या वर कंबर लागते."

"आणि डेग? एका हाताने?"

"डेग चार पोरं उतरवतात. मी 'उचल, उचल' ओरडतो."

जाबिर मामूंच्या नाकातून चहा आला. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "घौस मियाँ, ही दांडी काही अवघड नाही. मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा. सकाळपासून तोंडात घास नाही. बघा. बघून घ्या, खरी पाठ कशी असते, मग घरी जा." घरी जा! संपलं. लेकीचं संपलं. मी बाजूला झालो, उस्ताद भिंतीशी उभे राहिले. टाच, कंबर, खांदे. दांडी उचलली. वा! काय दंड, काय ती बेटकुळी, नारळ फिरावा तशी फिरली. मांडी, पोट, बरगडी… आणि बरगडीच्या वर, तुम्हाला सांगतो, मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं, उस्तादांची कंबर भिंतीपासून सुटली. जास्त नाही. मधून लुक्मी सरकेल इतकी.

सगळी तालीम आढ्याकडे बघायला लागली. जाबिर मामू बशीत बघायला लागले. कुणाची छाती नाही. आणि माझी ही जीभ! इतके दिवस कानात तेच घुमतंय, झोपेत तेच, रांगेत तेच. माझ्या तोंडातून, माझ्या परवानगीशिवाय, खच्चून निघालं:

"पाठ भिंतीला, मियाँ!"

मेलो! म्हटलं, मेलो. सोयरीक तर गेलीच होती, आता मीही जाणार. उस्तादांनी दांडी खाली ठेवली. म्हणाले, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "कंबर सुटली, उस्ताद." ते मामूंकडे वळले. "मामू?" मामू बशीतच बघत. "मामू, मी विचारतोय!" मामू म्हणाले, "आता विचारतोच आहेस तर… तुझा गुडघा दुखायला लागला तेव्हापासून. पण तुला सांगणार कोण, बावा?" उस्ताद आरशाकडे पाठ करून उभे राहिले, मान वळवून बघितलं. वर पांढरं. खाली काळं. माझ्यासारखंच! अगदी माझा वरचा मजला!

मग तिथेच बाकावर बसले, पहिल्यांदाच बसलेले बघितले मी त्यांना. म्हणाले, "एवढे पैलवान रोज माझी पाठ बघतात. माझी बनियन धुणारी बायको बघते. माझा मुलगा बघतो. एकाने सांगितलं नाही. सांगितलं कुणी, तर पिस्ता पाठ घेऊन हिंडणाऱ्या या थापाड्याने." मी म्हटलं, "उस्ताद, चुकून—" ते म्हणाले, "गप्प. चुकूनच खरं बोलता तुम्ही, पण मोक्याच्या वेळी बोलता. उबैद, घरी सांग, लुक्मी खायला जायचंय."

असं जमलं हो! लग्न झालं, धुमधडाक्यात झालं, मर्फा वाजला, डेगा मीच चढवल्या आणि चार पोरांनी उतरवल्या, आणि त्या वेळी मी ओरडलोसुद्धा नाही, उस्ताद बघत होते. लेक सुखात आहे, अल्लाची मेहेरबानी. तिचा सासरा तिला एका शब्दाने बोलत नाही. बोलतो तो मला! कारण निकाहच्या आदल्या दिवशी म्हणाले, "व्याही, एक अट राहिली. रोज फजरनंतर तालमीत यायचं. तुम्ही माझी पाठ बघायची, मी तुमची." मी म्हटलं, किती दिवस? म्हणाले, "मरेपर्यंत. सोयरीक काय हप्त्यावर असते का?" तेव्हापासून रोज, थंडी असो, ताप असो, रोज! मी त्यांना ओरडतो, ते मला ओरडतात, जाबिर मामू दोघांना ओरडतात. एक दिवस गेलो नाही तर निरोप येतो, "व्याही रुसले का?" उशीर झाला तर विचारणा, जास्त खाल्लं तर टोमणा, कमी खाल्लं तर "आमच्याकडचं आवडत नाही वाटतं?" अगदी सासर हो!

हां, हां, दम बसला, वास आला, उघडतो, चला रे, घ्या चौघे… उचल, उचल!… तर मला एवढंच म्हणायचंय, लग्न माझ्या मुलीचं झालं आणि नांदायला मी लागलोय. ती आपली दर जुम्म्याला माहेरी येते, पाय पसरून बसते, आईच्या हातचं खाते.

मी कुठे जाऊ?